फ्रान्सात मराठी बोलणारे काका

गार्डाने हात वर करून थांबवलं, तेव्हा काका सायकलवरून उतरले, स्टँड लावला, हातमोजे काढून पुढच्या बास्केटमध्ये ठेवले आणि मगच त्याच्याकडे वळले. विचारल्याबरोबर धाडकन उत्तर देणं त्यांना उद्धटपणाचं वाटायचं. २०२० सालचा वसंत होता, पहिल्या लॉकडाऊनचा. घरापासून ठरावीक अंतरापलीकडे जायला बंदी होती, आणि आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या कालव्याकाठी जी पायवाट आहे तिथे गार्डा, म्हणजे इथले पोलीस, येणाऱ्याजाणाऱ्याला हटकत उभे असायचे. हा गार्डा पोरसवदा होता. त्याने विचारलं, "घर किती लांब आहे तुमचं?"

"अंतरानं सांगू की वेळेनं?"

"म्हणजे?"

"अंतरानं दीडदोन किलोमीटर असेल. वेळेनं म्हणशील तर नाश्ता करून निघालोय, आणि आता जेवायची वेळ झाली."

गार्डाने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या सायकलकडे, आणि मग मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. मी कार्बनच्या फ्रेमवर, अंगाला चिकटलेल्या काळ्या कपड्यांत, हेल्मेटखाली घामाघूम. "यू आर ग्रँड," तो काकांना म्हणाला. "तुम्ही जा." मला मात्र पत्ता विचारला.

मी काकांचा भाडेकरू होतो. पुण्याहून येऊन मला बरीच वर्षं झाली होती, गावाबाहेरच्या कॉम्प्युटर चिप्सच्या कारखान्यात नोकरी होती, आणि काकांच्या घरात वरची खोली माझ्याकडे होती. काका त्याच कारखान्यात पाणी शुद्ध करणाऱ्या विभागात इंजिनिअर होते, मी लागलो त्याच्या आधीच निवृत्त झालेले. मूळचे निफाडचे. कोथिंबिरीची जुडी मिळवायला डब्लिनभर हिंडावं लागायचं अशा काळात ते इथे आले. काकू मी राहायला यायच्या आधीच गेल्या होत्या. एकुलती एक मुलगी, सई, डब्लिनमधल्या सँट्रीला राहायची, तिथेच ऑफिस. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर अस्सल आयरिश हेलाच्या इंग्रजीत यायचं. काका तिच्याशी मराठीत, ती त्यांच्याशी इंग्रजीत, आणि दोघांना त्यात काही वावगं वाटत नसे.

खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी नोकरीचं काही विचारलं नाही. म्हणाले, "सायकल चालवतोस वाटतं?"

"हो. रोज चाळीस किलोमीटर."

"कशाला?"

त्यांनी प्रेस उघडून चहाची भांडी काढली. कपाटाला इथले लोक प्रेस म्हणतात आणि काकाही तसंच म्हणायचे. एवढ्या वर्षांत आयरिश लोकांकडून त्यांनी दोनच शब्द उचलले होते. दुसरा ग्रँड, म्हणजे ठीक, मजेत. पाऊस पडला तरी ग्रँड, दात दुखला तरी ग्रँड.

त्यांची सायकल हिरवी, लोखंडी आणि इतकी जड होती की जिन्यावरून चढवायची वेळ आली तर दोन माणसं लागावीत. पुढे वेताची बास्केट. तिच्यात थर्मास, चिवड्याचा डबा, लिंबू, मीठ आणि एक घडीची खुर्ची. घंटी भलीमोठी, पण ती माणसांसाठी नव्हेच; वाटेत गायी दिसल्या की काका घंटी वाजवायचे, गायी माना वर करायच्या, आणि काका त्यांना हात करून पुढे जायचे. चढ आला की उतरून ढकलत जायचे. कितीही लहान चढ असो. मी एकदा म्हटलं, "काका, गिअर आहेत की हिला." तर म्हणाले, "दमलेल्याच्या खांद्यावर बसून त्याला धीर देऊ नये." चढावर सायकल दमते असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

दरवर्षी सप्टेंबरात हा माणूस ही सायकल घेऊन फ्रान्सला जायचा. काकूंच्या वेळेपासूनचा नेम. ल्वार नदीच्या काठाकाठाने, द्राक्षांच्या बागांमधून, जुन्या गावांतून. दिवसाला जेमतेम पंधरावीस किलोमीटर. आणि इतकी वर्षं त्या मुलखात जाऊन त्यांनी वाईनचा एक घोट घेतला नव्हता. ग्लास हातात घ्यायचे, कडेकडेने फिरवायचे, नाक खुपसून डोळे मिटायचे आणि ग्लास शेजाऱ्याला द्यायचे. "वास घेतला की संपलं. पुढं नुसती डोकेदुखी." मी फारच मागे लागलो तेव्हा एवढं म्हणाले, "आम्ही खायची द्राक्षं पिकवणारे लोक. पिळून टाकलेलं बघवत नाही रे."

फ्रेंच त्यांना येत नव्हतं. इंग्रजी उत्तम यायचं, पण फ्रान्समध्ये ते वापरायचे नाहीत. तिथे ते मराठी बोलायचे. त्यामागे त्यांचा विचार होता. "त्यांना इंग्रजी येत नाही, मला फ्रेंच येत नाही. मग दोघांनी मिळून तिसऱ्याची भाषा कशाला मोडायची? आपली भाषा नीट बोललं की आवाजात खरेपणा येतो. माणूस शब्द कुठं ऐकतो? आवाज ऐकतो." मला ही थाप वाटायची.

त्या वर्षी सप्टेंबरात कुठला फ्रान्स! काकांनी काय केलं, तर घराजवळच्या पाच किलोमीटरात फ्रान्स मांडला. कालवा म्हणजे ल्वार. लुईझा ब्रिजच्या स्टेशनाजवळचा बाक म्हणजे पहिलं गाव, तिथे चहा. राय नावाची छोटी नदी मोठ्या लिफी नदीला मिळते ती जागा म्हणजे संगम, तिथे चिवडा. ते रोज तेवढंच अंतर जायचे आणि रोज वेगवेगळं काहीतरी सांगत परत यायचे. कुणाच्या कुंपणावर ब्लॅकबेरी पिकल्या, कुठल्या नावेला नवा रंग दिला. मी त्याच वाटेवर येरझाऱ्या घालून आकडे जमवत होतो, आणि संध्याकाळी जेवताना माझ्याकडे सांगायला आकडाच असायचा.

रविवार मात्र वेगळा. रविवारी सकाळी निफाडहून त्यांच्या दादाचा व्हिडिओ कॉल यायचा. दादा म्हणजे थोरला भाऊ, घरची द्राक्षबाग तोच बघायचा. तिकडे दादा फोन हातात धरून बागेत चालायचा, इकडे काका सायकल ढकलत कालव्यावर. दोघं आपापल्या वाटेने चालत एकमेकांना दाखवत राहायचे. "हे बघ, ही नवी फूट." "हे बघ, हा बगळा." दादाचा आवाज इतका मोठा की पलीकडच्या काठावरचे लोक वळून बघायचे. दादाला फ्रान्सच्या बागा बघायच्या होत्या. दरवर्षी त्याचं "पुढल्या वर्षी नक्की" ठरलेलं असायचं.

पुढच्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, दादा गेला.

मी सकाळी स्वयंपाकघरात कॉफी करत होतो. काका बागेतून आत आले, पाय पुसले आणि म्हणाले, "दादा गेला रे." मी त्यांच्याकडे सरकलो. ते म्हणाले, "गॅस बघ, दूध उतू जाईल." मग हातमोजे घातले आणि सायकल काढून निघून गेले. दुपारी परतले, पिठलं केलं, मला आग्रह करून दोनदा वाढलं. स्वतः ताटाशी बसले होते, जेवले की नाही ते मला आठवत नाही.

जाणं शक्यच नव्हतं. भारतातून परत येणाऱ्याला हॉटेलात कोंडून ठेवत होते, आणि तिकडे पोचून तरी काय, स्मशानाच्या आत घरच्यांनासुद्धा घेत नव्हते. वहिनी आणि पुतण्या दोघंही आजारी, घरातच अडकलेले. त्या आठवड्यांत इथल्या बातम्यांत भारत रोज दिसायचा. मोकळ्या मैदानात ओळीने पेटलेल्या चिता. टीव्हीवर ते आलं की काका उठून मागच्या दारी जाऊन उभे राहायचे.

त्यानंतर त्यांनी दादाचं नाव काढलं नाही. वहिनींना फोन केला नाही. पुतण्याचे मेसेज यायचे, त्याला एका शब्दाचं उत्तर द्यायचे. रविवारी त्याच वेळेला कालव्यावर मात्र जायचे, फोन घरी ठेवून. मी विचारलं की, "ग्रँड आहे रे."

ऑगस्टच्या शेवटी सईचा मला फोन आला. "बाबा सगळ्यालाच ग्रँड म्हणतात," ती तिच्या इंग्रजीत म्हणाली. "ते मुळीच ग्रँड नाहीयेत. आता फ्रान्सला जायचं काढलंय, एकट्यानं. तू जाशील सोबत?"

"तूच का जात नाहीस?"

"मी असले की ते बाबा होतात. माझ्यासमोर रडायचे नाहीत." मग ती म्हणाली, "त्यांनी कुणासमोर तरी रडायला हवं."

असा मी गेलो. लस घेतल्याचं सर्टिफिकेट, नवाकोरा आयरिश पासपोर्ट आणि माझी शर्यतीची सायकल घेऊन. डब्लिनहून बोटीने शेरबुर, तिथून गाड्या बदलत सोम्यूर. मध्ये तूर नावाच्या स्टेशनवर गाडी बदलायची होती, तिथे काका पाटी बघून म्हणाले, "इथं वरण चांगलं मिळत असणार." एप्रिलनंतर त्यांनी केलेला तो पहिला विनोद. मी गरजेपेक्षा जास्त हसलो.

त्या मुलखाबद्दल मी बरंच वाचून गेलो होतो, पण काकांच्या वेगाने तो बघायला लागेल हे लक्षात आलं नव्हतं. नदीच्या कडेने पांढऱ्या मऊ दगडाचे कडे आहेत. जुन्या काळी लोकांनी घरं बांधायला त्यातला दगड काढला, आणि दगड काढून जी पोकळी झाली तिच्यातही लोक राहायला लागले. कड्यात दार, दाराशी गुलाब, आत बिऱ्हाड. कड्याच्या माथ्यावर द्राक्षांची बाग, आणि बागेच्या ओळीतून मध्येच एखादं धुराडं वर आलेलं, खाली कुणाचा तरी स्वयंपाक चाललेला. काका त्या धुराड्यापाशी उभे राहून वास घ्यायचे आणि खाली काय शिजतंय ते सांगायचे. प्रत्येक गावात युद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड असतो. काका टोपी काढून सगळी नावं वाचायचे, मराठी उच्चारात, एकही न गाळता.

पहिल्या सकाळी पावाच्या दुकानात मी ॲपवर शिकलेलं फ्रेंच काढलं. दुकानातल्या बाईने मला इंग्रजीत उत्तर दिलं. मग काका पुढे झाले. "नमस्कार. दोन लांबडे पाव द्या बघू. जरा खरपूस बघून द्या, हे पांढरट नकोत. आणि पाऊस येणार नाही ना आज?" बाईने मागच्या फळीवरचे चांगले भाजलेले दोन पाव काढले, कागदात गुंडाळले, दाराबाहेर डोकावून आभाळाकडे पाहिलं आणि मानेनं नाही म्हणाली. काका माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

पण बाकी सगळं ठीक नव्हतं. बाग लागली की काका उतरायचे, सवयीने खिशातून फोन काढायचे, कॅमेरा लावून हात लांब करून ओळीवरून फिरवायला लागायचे, अगदी रविवारी कालव्यावर करायचे तसं. मग हात तसाच हवेत राहायचा. फोन खिशात जायचा. हे दिवसातून कितीदा तरी व्हायचं, आणि मी दर वेळी दुसरीकडे बघायचो.

तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला. वाट सपाट, वारा पाठीशी, पाय शिवशिवत होते. मी काकांना म्हटलं, "पुढच्या गावात थांबतो," आणि सुटलो. काँद नावाचं गाव आहे, नकाशावर फार सुंदर दिसत होतं. पोचलो तर जेवणाची सुट्टी, सगळं बंद. चर्चच्या पायरीवर बसून राहिलो. काका येईनात. फोन उचलेनात. मनात नको नको ते यायला लागलं आणि मी उलटा सुटलो. निम्म्या वाटेवर, कड्यातल्या एका घराच्या ओट्यावर काकांची हिरवी सायकल उभी. आत गुहेतल्या गार अंधारात काका एका म्हाताऱ्या जोडप्याबरोबर टेबलाशी बसून अक्रोड फोडत होते. म्हातारा काहीतरी फ्रेंचमध्ये सांगत होता आणि काका म्हणत होते, "हो ना. सुनेचं असंच असतं."

माझा तोल गेला. "काका, दोन तास झाले! मला वाटलं, तुम्ही नदीत बिदीत..." पुढचं मी गिळलं.

काकांनी एक अक्रोड सोलून माझ्या हातावर ठेवला. "पोचलास ना तिथं?"

"पोचलो."

"काय होतं?"

"काही नाही. बंद होतं सगळं."

"मग बस की."

मी बसलो. त्या म्हातारीने मला पाणी दिलं. बऱ्याच वेळाने आम्ही काँदला गेलो तेव्हा गाव उघडलं होतं. तिथे व्हिएन नदी ल्वारला मिळते, दोन रंगांचं पाणी थोडा वेळ शेजारीशेजारी वाहतं. काकांनी खाली उतरून पाणी डोळ्यांना लावलं. वर येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. आधारासाठी असेल.

दुसऱ्या दिवशी शिनाँच्या वाटेवर ती बाग लागली. सप्टेंबर संपत आला होता, तोडणीचे दिवस, पण बागेत माणसंच दिसेनात. काका उतरले. या वेळी त्यांनी फोन काढला नाही. ते सरळ ओळीत शिरले, एका वेलीशी वाकले, पानं बाजूला केली. "अरे, माल कुठाय?" ते स्वतःशीच म्हणाले. "नुसती फूट आहे. काडीवर घडच नाही." चार वेली बघितल्या, पाचवीवर एक लहानसा काळा घड होता. त्यातला एक मणी त्यांनी तोडला आणि तोंडात टाकला.

पलीकडच्या ओळीतून आरडाओरडा करत एक बाई आली. सत्तरीची असेल, गुडघ्यापर्यंत बूट, हातात कात्री. रागाने लाल झाली होती. मी माझ्या फ्रेंचमधले सगळे माफीचे शब्द एका दमात म्हणून टाकले. काका शांतपणे तोंडातली बी हातावर काढून बघत होते.

"बाई, अजून आठवडाभर थांबा," ते म्हणाले. "बी हिरवी आहे. पण यंदा झालं काय बागेला? गारा पडल्या का?" तिला कळलं नाही. काकांनी वाटेवरचे पांढरे खडे मूठभर उचलले आणि एका पानावर वरून सोडले. टप टप टप. "गारा?"

बाईचा राग तिथेच थांबला. तिने खड्यांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. मग दोन्ही हात स्वतःच्या दंडांवर घासून थंडीने कापल्यासारखं केलं, वेलीच्या डोळ्यावर, कोंब फुटतो तिथे, बोट ठेवलं, बोटं मिटली. एप्रिल, ती म्हणाली. तो शब्द आम्हा दोघांनाही कळला.

तिने खिशातून फोन काढला आणि एक फोटो शोधून काकांसमोर धरला. मी मागून पाहिलं. हीच बाग, पहाटेच्या निळ्या उजेडात. वेलींच्या प्रत्येक दोन ओळींमध्ये आग पेटवलेली. शेकडो ज्वाळा, एकामागे एक, टेकडीच्या माथ्यापर्यंत, आणि वर धुराचा थर. कोवळी फूट गोठू नये म्हणून त्यांनी रात्रभर बाग शेकत ठेवली होती. तरी वाचली नव्हती.

काकांनी तिच्या हातातून फोन घेतला. बराच वेळ बघत राहिले.

"शेकोट्या," ते म्हणाले. "निफाडला थंडी उतरली की आम्ही लावायचो. शाळेत होतो. दादा पुढं, मी मागं, तो ढीग रचायचा आणि मी काडी ओढायची. पहाटेपर्यंत. मला झोप यायची, तर दादा म्हणायचा, तू नुसता उभा राहा, मी लावतो." फोटोवरून त्यांची नजर हलत नव्हती. मग माझ्याकडे वळले. "दादाला कुणी लावली असेल रे? घरचं तर कुणीच नव्हतं तिथं. कुणी लावली असेल?"

आणि ते खाली बसले, त्या ओळीत, मातीत. मी एवढ्या मोठ्या माणसाला तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं. लहान मुलासारखा आवाज निघत होता. बाई आधी घाबरली. मग तिला वाटलं असावं, हा परका माणूस आपल्या बागेसाठी रडतोय. तिने कात्री खाली ठेवली आणि तीही त्यांच्या शेजारी मातीत बसली, त्यांच्या पाठीवर हात ठेवून. मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये तिला सांगितलं: भाऊ, एप्रिल, भारत. तिने मान हलवली. तिचा हात तिथेच राहिला.

आम्ही शिनाँला गेलोच नाही. म्हणजे मुक्कामाला जायचो, सकाळी परत बागेत. बाईची सून आणि ती दोघीच होत्या. दरवर्षीची तोडणीची माणसं यंदा बोलावलीच नव्हती, तेवढा माल नव्हता. काकांनी कात्री मागून घेतली. पांढरी द्राक्षं तयार होती, त्यांच्यापासून सुरुवात झाली. ही बाग आपल्याकडच्या मांडवासारखी उंच नसते, कमरेएवढीच असते. दिवसभर वाकून माझी कंबर गेली. काका मात्र त्यांची घडीची खुर्ची घेऊन बसायचे, एक वेल झाली की खुर्ची पुढे. त्यांचा वेग मला ओळखीचा होता. बाई मधूनमधून येऊन काहीतरी रागावून सांगायची, बहुतेक लवकर आवरा म्हणून, आणि काका म्हणायचे, "होईल हो बाई. ग्रँड होईल." दादाबद्दल ते आता बोलत होते. कुठूनही सुरू करायचे, मध्येच सोडायचे. दादाने पहिली मोटरसायकल विहिरीत कशी घातली, दादाला पोहता कसं येत नव्हतं. काही गोष्टी दोनदा सांगितल्या. मी दोन्ही वेळा ऐकल्या.

माझी रजा संपायला आली होती. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बागेच्या कडेला झाडाखाली जेवण मांडलं होतं. पाव, चीज, टोमॅटो आणि काकांचा उरलासुरला चिवडा, जो त्या सुनेला भलताच आवडला होता. काकांनी हात धुतले, रुमालाला पुसले, फोन काढला आणि वहिनींना व्हिडिओ कॉल लावला. मला काही सांगितलं नव्हतं. मी उठायला लागलो तर म्हणाले, "बस इथंच."

पडद्यावर वहिनी आल्या. पांढरे झालेले केस, चष्मा, मागे ओटीवरची खुंटी.

"पाच महिने झाले, भाऊजी," त्या म्हणाल्या.

"कुठल्या तोंडानं फोन करू, वहिनी?"

"आहे त्याच तोंडानं करायचा होता."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वहिनी, एक विचारायचंय. दादाला अग्नी कुणी दिला?"

"तिथं कामाला असतो त्या माणसानं," वहिनी म्हणाल्या. "त्यानं पोराला फोन केला होता. नाव विचारलं, वडलांचं नाव, गाव विचारलं. म्हणाला, तुम्ही फोन चालू ठेवा, मी मोठ्यानं नाव घेतो आणि मग देतो. आम्ही दोघांनी ऐकलं. चांगला माणूस होता." मग त्यांचा आवाज बदलला. "तुम्ही कुठं आहात? ही कुणाची बाग?"

काकांनी कॅमेरा फिरवला. ओळी, क्रेट, टेकडी. बाई तिच्या जागेवरून उठून आली आणि फोनमध्ये डोकावली. दोघी बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. वहिनींनी नमस्कार केला. बाईनेही हात जोडले.

"किती एकर आहे हो तुमची?" वहिनींनी तिला विचारलं. "आणि एवढी बुटकी का ठेवलीय?"

बाईने काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. वहिनींनी ऐकून घेतलं.

"बरं भाऊजी," त्या मग म्हणाल्या, "छाटणी तोंडावर आलीय. पोरगा पहिल्यांदाच एकटा करणार. कधी धरायची ते सांगा."

"मला काय विचारता, वहिनी? मी गाव सोडून किती वर्षं झाली. आयुष्यभर पाणी गाळलं मी. मला त्यातलं काय कळतंय?"

"काही कळत नाही, ते माहितीये," वहिनी म्हणाल्या. "तुमचे भाऊ दरवर्षी तुम्हाला विचारायचे, आणि तुम्ही सांगाल त्याच्या बरोबर उलटं करायचे. म्हणायचे, धाकट्याचं कधी चुकत नाही, ज्याच्या उलट जायचं ते नेमकं सांगतो. म्हणून विचारतेय. सांगा लवकर, पोरगा समोरच उभा आहे."

काकांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. बाई, सून आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. शेवटी त्यांनी श्वास घेतला, बागेकडे एकदा नीट पाहिलं, घसा साफ केला आणि मोठ्या गंभीरपणे म्हणाले, "दसऱ्याच्या आधी धरा."

फोनमधून वहिनींचा आवाज आला. मान वळवून त्या पोराला सांगत होत्या, "अरे, दसऱ्यानंतर!"